नणंदेच्या मोबाईलवर आमचे दिवे

सुप्यात आमचं नवं घर बांधून झालं, तेव्हा वास्तुशांतीला पुण्याच्या नणंदेनं आहेर म्हणून घरभरचे दिवे आणले आणि सोबत एक पांढरी डबी. तिला हब म्हणतात, सगळे दिवे तिला जोडायचे आणि मोबाईलवरून किंवा नुसतं बोलून लावायचे, असं तिनं समजावलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांचं बटणापर्यंत उठणं वाचेल म्हणून मलाही ते पटलं. नणंदेनं सगळं आपल्या मोबाईलवर जोडलं, मग आमच्याही मोबाईलवर घेऊन दिलं.

काही दिवसांनी तिनं फोनवर सहज विचारलं, "काल पाहुणे आले होते का गं?" आले होते, माझ्या माहेरचे. सासूबाईंनी सांगितलं असेल, असं मी धरलं. पुढच्या फोनला ती म्हणाली, "हल्ली उशिरा उठतेस वाटतं?" मी तापानं पडले होते. फोन ठेवला आणि सासूबाईंना विचारलं.

"मी कशाला सांगू?" त्या म्हणाल्या. "तिचा माझा फोनच न्हाई झाला."

माझी नजर त्या डबीवर गेली. नवऱ्याला बोलले, तर तो म्हणाला, "ताईला दुसरे उद्योग नाहीत का? तुझं आपलं काहीतरी."

मग एका दुपारी मी मुद्दाम माळ्यावरच्या खोलीतला दिवा लावला. तिथं नुसती रिकामी पोती आहेत. तासाभरानं मालवला. संध्याकाळी नणंदेचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "आणि माळ्यावर काय शोधत होतीस?"

हे ऐकल्यावर नवऱ्यालाही पटलं. रविवारी आम्ही दुसरा हब बघायला नगरला गेलो.

दुकानदारानं दोन डब्या समोर ठेवल्या. एक आमच्यासारखीच, स्वस्त, इंटरनेटवरून चालणारी. नवऱ्याचा हात तिच्याकडेच गेला. मी विचारलं, "आम्ही कुठला दिवा कधी लावला, ते हिच्यातून कुठं जातं?"

"कंपनीकडे जातं, मॅडम. सगळ्यांचंच जातं."

"आणि ही दुसरी?"

"ही घरातल्या घरात चालते. पण बाहेरगावाहून दिवे लावता येणार नाहीत."

"तेच पाहिजे," मी म्हणाले. पण विश्वास बसेना. त्याला दुकानातलं इंटरनेट बंद करून दाखवायला लावलं. नवरा अवघडून रस्त्याकडे बघत राहिला. दिवा लागला, तेव्हाच मी पिशवी पुढं केली.

नवा हब बसला, जुना काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळीच नणंदेनं सासूबाईंना फोन केला. त्यांना नीट ऐकू येत नाही म्हणून त्या स्पीकर लावतात.

"आई, घरी कोणी नाही का? एकही दिवा दिसत नाही."

"घरातच हाय की मी," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडं बघू लागल्या.

मी फोन घेतला. "ताई, आम्ही हब बदलला."

"मला विचारायचं तरी," ती म्हणाली.

"तुम्ही बघत होता, ते आम्हाला कुठं विचारलं होतं?"

"अगं, सकाळी देवघरातला दिवा लागला की आई उठली, हे कळायचं. मग मी डबे करायला घ्यायचे."

हे खरं असेलही. तरी मी विचारलं, "आणि माळ्यावरचा?"

"ते चुकलंच," ती म्हणाली. "एकदा बघायची सवय लागली की सगळंच बघावंसं वाटतं."

तिचा आवाज पडला होता. मला वाईट वाटलं, पण जुना हब परत लावावा असं काही वाटलं नाही. सासूबाईंनी माझ्या हातून फोन घेतला. "एवढं हुतं तर मला सांगायचं न्हाई व्हय? उठल्यावर मीच फोन करत जाईन तुला."

तेव्हापासून त्या रोज देवपूजा झाली की पुण्याला फोन लावतात. मायलेकी बराच वेळ बोलतात, आणि आता त्या स्पीकर लावत नाहीत, फोन कानाला घट्ट धरतात. मी स्वयंपाकघरात असते. माझा विषय निघालाय असं वाटलं की मिक्सर थांबवून ऐकते.