संबळ नावाची सवत

मी शेजारणींबरोबर कपिलधारला गेले होते. परत आले तर आमच्या ओट्यावर माणसं जमलेली, आणि मला पाहून बायांनी डोळ्यांना पदर लावला. मला न सांगता निघून जायची यांची खोड जुनीच... हे गेले त्याला महिना होऊन गेला. रडून झालं. आता यांच्याविषयी लिहायचं तर लग्नापासूनच लिहायला हवं, गावात अजून तीच गोष्ट सांगतात.

निजामाचं राज्य होतं. यांचं भुसाराचं दुकान, पण जीव सगळा संबळात. चांगले गोंधळी यायचे ते ऐपतवाल्यांच्या अंगणात. बाकीचं गाव भिंतीबाहेर उभं राहून ऐकायचं. यांनी मनावर घेतलं, कचेरीमागच्या बागेत सगळ्या गावाला फुकट गोंधळ ऐकवायचा. तेलगावच्या गोंधळ्यांना शब्द देऊन बसले आणि मग परवानगी मागायला अमीनसाहेबांकडे, म्हणजे फौजदाराकडे गेले. साहेब म्हणाले, "बागेत जलशाला इजाजत नाही. शादीचा गोंधळ असेल तर बात अलग."

आता शादी कुणाची? हे मला नेकनूरला पाहून गेले होते, आणि "कळवतो" म्हणून जे गेले ते गेलेच. माझ्या आईनं आशा सोडली होती. अशात अचानक निरोप आला: मुलगी पसंत, येत्या सोमवारी लग्न, आणि गोंधळ बागेत! वडील म्हणाले, "पोरगं येडं हाय का काय?" पण हो म्हणाले.

लग्न लागलं आणि संध्याकाळी हळदीच्या अंगानं मी बागेत पाटावर बसले. समोर तेली, तांबोळी, कचेरीतले शिपाई, डोक्यावरचा गवताचा भारा न उतरवताच थांबलेल्या बाया. संबळ असा कडाडला की झाडावरचे पोपट उडाले. अमीनसाहेब बंदोबस्ताला म्हणून आले आणि पुढंच मांडी घालून बसले. मी मात्र मान खाली घालून एकच विचार करत होते, या माणसानं पसंत कुणाला केलं? मला की संबळाला?

हे मी त्यांना जन्मभर ऐकवलं. भाजी खारट झाली म्हणून कुरकुरले की मी म्हणणार, "सांगा तुमच्या संबळाला सैपाक करायला!" हे नुसते हसायचे. थट्टाच होती, पण खरं सांगते, आत कुठंतरी ते सलायचं.

गेल्या आठवड्यात, आमच्या लग्नात संबळ वाजवलेले म्हातारे गोंधळी भेटायला आले. आता पार थकलेत. बोलता बोलता मी तेच रडगाणं गायले, तर म्हातारबाबा माझ्याकडं बघतच राहिले.

"वयनी, तुमाला सांगितलंच न्हाई व्हय? सायबानं लग्नाच्या आदल्या दिशीच जलशाला इजाजत दिलती. आमी म्हनलं, मग आता लगीन कावून? तर म्हनले, पोरगी लई आवडली हाय, पर निरोप धाडायचं धाडसच होत न्हवतं. बरं झालं सायब आधी न्हाई म्हनला."

"मग मला का नाही बोलले कधी?"

"म्या इचारलं हुतं एकदा. म्हनले, सांगितलं तर ती भांडंल कशावरून?"

मी इतक्या मोठ्यानं हसले की शेजारीण डोकावून गेली. इतकी वर्षं मला वाटत होतं, मीच यांना चिडवतेय.