मेश्रामबाईंनी खाली आणलेला आकडा

मशीनचं उत्तर पडद्यावर यायच्या आधी मेश्रामबाई स्वतःचं उत्तर फळ्यावर लिहीत आणि खाली सही ठोकत. चुकलं तरी पुसायचं नाही, हा त्यांचाच नियम. "हरली तं दिसू दे ना सगळ्याईले," म्हणत. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात त्या आम्हाला जीवरसायनशास्त्र शिकवत.

आमचं काम सांगायला सोपं होतं. भामरागडच्या कुजक्या बांबूवरची बुरशी बांबू पचवते, ती तिच्यातल्या एन्झाइमांच्या जोरावर. एन्झाइमांचे कामावरून सात वर्ग. कुणी तोडतं, कुणी जोडतं, कुणी इकडचं तिकडे नेतं. प्रत्येक एन्झाइम कागदावर अक्षरांच्या लांबलचक साखळीसारखं दिसतं. वर्ग माहीत असलेल्या हजारो साखळ्या मशीनला शिकवायच्या आणि मग नव्या साखळीचा वर्ग त्याने ओळखायचा, असा प्रोग्राम मी लिहिला होता. तो शंभरात चार-दोनच चुकायचा. मी तर हवेतच होते.

त्याला कारणही होतं. विद्यापीठाची समिती येणार होती. तिने कॉलेजला संशोधन केंद्र दिलं, तर माझी पीएचडी इथेच होणार. नाही दिलं, तर मी वरोऱ्याला घरी परत. प्राचार्यांनी आमच्या अचूकतेचा आकडा मोठ्या अक्षरांत छापून दारावर लावला.

बाई मात्र रोज मशीनकडून हरत होत्या आणि रोज जास्त संशयी होत होत्या. "इतकं हुशार कोनी नसते वं." एके दिवशी त्यांनी साखळ्यांचे छापील कागद प्रयोगशाळेच्या टेबलांवर पसरले आणि लाल पेन्सिलीने ओळ न् ओळ जुळवायला घेतली. संध्याकाळी मला बोलावलं. मशीनला शिकवलेली साखळी आणि त्याच्याच परीक्षेत विचारलेली साखळी जवळजवळ एकच. सख्ख्या बहिणीच त्या. अशा जोड्यांनी सगळी टेबलं लाल झाली होती.

"ज्याईले पेपर आधीच दाखवला, त्याईचे मार्क मले सांगून राह्यली काय तू?"

बहिणी बाजूला काढून प्रोग्राम पुन्हा चालवला. निम्म्याहून थोडीच जास्त उत्तरं बरोबर आली. मी तिथेच रडले. प्राचार्य म्हणाले, "समितीला काय कळतंय? जुनाच आकडा राहू द्या." बाई म्हणाल्या, "मले कळते ना."

समितीपुढे त्यांनी दोन्ही आकडे ठेवले. एका सदस्याने विचारलं, "विद्यार्थिनीची चूक तुम्ही स्वतःहून सांगताय?"

"चूक माही आहे, साहेब. तिनं लिहिलं, तपासाचं काम माहं होतं. आमच्या लोकाईनं रक्त आटवून नोकरी मिळवली, तरी आरक्षणात फुकट मिळाली म्हनतात. खोटा आकडा देऊन ते मी खरं करू काय?"



केंद्र मिळालं नाही. त्याच उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. मी त्यांच्यावर अशी चिडले की आठ महिने फोन उचलला नाही. तत्त्व त्यांचं आणि घरी बसायचं मी, हे कुठलं शहाणपण?

मग एका सकाळी त्या बसने वरोऱ्याला आल्या. पिशवीत जाडजूड फायली. इतके महिने बसून त्यांनी साखळ्यांची घराणी वेगळी काढली होती. एकाही घराण्यातल्या साखळ्या आता शिकवण्यात आणि परीक्षेत अशा दोन्हीकडे नव्हत्या. मी फणकाऱ्याने म्हटलं, "बाई, हे काम कॉम्प्युटर करतो."

"करते ना. म्या बी त्याच्याकडूनच करून घेतलं. मंग एकेक तपासलं. नुसता त्याचा भरवसा तं तूबी केलता ना?"

मला लाज वाटली. मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी दंडाला धरून उठवलं. "पाया नको पडू. कामाले लाग. अन् चहा मांड."

त्या फायलींच्या जोरावर मला नागपुरात शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला. तिथल्या कामाने आकडा थोडा वर चढला, पण जुन्याच्या जवळपासही गेला नाही. प्रबंध बाईंनी पाहिला. तोंडी परीक्षेला तीन आठवडे उरले होते आणि त्या गेल्या. मला अजून त्यांचा राग येतो, आणि त्यांच्याइतकी आठवण दुसऱ्या कुणाची येत नाही.

परीक्षेत बाहेरगावचे परीक्षक पहिल्याच तक्त्यावर थांबले. "इतरांचे आकडे पुष्कळ वर आहेत. तुमचाच एवढा खाली कसा?"

माझा आवाज चढाच निघाला. "खरा आहे म्हणून खाली आहे, सर. हवं तर पदवी देऊ नका. आकडा हाच राहील."