आतडं उलटायची रीत

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आम्हाला प्राणिशास्त्र शिकवणारे सर दौंडहून रोज एसटीने शिरूरला यायचे. मुलखाचे हौशी. पेशी आपल्या पटलातून अमिनो आम्लं आत कशी घेते, हे पुस्तकाने एका आकृतीत उरकलं होतं आणि सरांना ते मुळीच पटत नसे. "आकृती काय, मीही काढीन. पेशीला काम करताना बघा," म्हणायचे.

त्यासाठी त्यांनी बोकडाच्या आतड्याचा प्रयोग काढला. आतड्याचा वीतभर तुकडा मोज्यासारखा उलटा करायचा, म्हणजे आतलं मऊ अस्तर बाहेर येतं. दोन्ही टोकं बांधून पिशवी करायची. पिशवीतल्या आणि बाहेरच्या पाण्यात मीठ, ग्लुकोज आणि अमिनो आम्ल अगदी सारखं घालायचं, आणि बुडबुडे सोडत तासभर कोमट ठेवायचं. अस्तरातल्या पेशी जिवंत असतील तर बाहेरचं आम्ल उचलून आत भरत राहतात, आत आधीच जास्त झालेलं असलं तरी. चढावर ओझं वाहायचा प्रकार हा. मीठ पेशीत शिरताना त्याच्या सोबतीने आम्ल शिरतं, म्हणून मीठ हवंच. शेवटी दोन्हीकडचं पाणी परीक्षानळ्यांत घेऊन निनहायड्रिन हे रसायन घालून तापवलं की जांभळा रंग येतो, अमिनो आम्ल जितकं जास्त तितका गडद. आतल्या पाण्याचा रंग गडद आला की आपण जिंकलो.

आम्ही दोनदा हरलो. सर दौंडहून एसटीने आणलेलं आतडं काचेच्या कांडीने उलटं करायला जात आणि ते फाटे. नाही फाटलं तर दोन्ही नळ्यांत सारखाच जांभळा. दुसऱ्यांदा सरांचं तोंड एवढंसं झालं, ते बघून मला रडू आलं आणि रागही. राग स्वतःचाच, कारण आतडं कांडीने उलटत नाहीत एवढं मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले होते.

विहारामागच्या आमच्या दोन खोल्यांत रविवारी आतडी शिजायची. मटण परवडायचं नाही. आई ती साफ करायला बसली की मी पाणी ओतायला. मैत्रिणींना मात्र मी ठोकून दिलं होतं की आमच्याकडे रविवारी अंडी करतात.

त्या संध्याकाळी आईला सरांची फजिती सांगितली. ती हसत सुटली. "काडीनं कुठं उलटत्यात व्हय? आतलं मऊ समदं खरवडून जातंय. टोक बाहीवानी दुमडायचं आन् त्या दुमडीत पाणी वतायचं. पाण्याच्या वजनानं आपसूक उलटतंय." आणि वर, "ताजं पायजे बाई. दौंडपासनं आणल्यालं काय कामाचं?"

अख्खं पुस्तक मी वाचलं होतं, पण ज्या अस्तराने ओझं वाहायचं तेच आम्ही खरवडून टाकतोय, हे मला कळायला आई लागली.

पुढच्या वेळी मी सरांना म्हटलं, आतडं मी आणते. आईने सकाळीच खाटकाचं दुकान गाठलं, किटलीत सरांनी दिलेल्या मीठ-ग्लुकोजच्या गार पाण्यात आतडं घातलं आणि ती माझ्या हातात दिली. वर्गासमोर मी टोक दुमडलं, पाणी ओतलं, आतडं सुळकन उलटं झालं. तासाभराने आतल्या पाण्याची नळी अशी गर्द जांभळी आली की सर टेबलाभोवती नुसते नाचायचे बाकी राहिले.

"हे कुठं शिकलीस?" त्यांनी विचारलं.

"पुस्तकात वाचलं, सर."

घरी आई वाटच बघत होती. "सांगितलंस का सरांना, म्या शिकवलं म्हणून?"

"हो," मी म्हणाले. एका दिवसात दोनदा खोटं बोलून झालं.

आई इतकी खूश झाली की पुढच्या प्रयोगाला किटली घेऊन स्वतःच आली. वर्ग भरलेला होता. दारातूनच म्हणाली, "जय भीम, सर. पोरीनं सांगितलं आसंल न्हवं, ती रीत माझी हाय."

सरांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. "जय भीम, ताई. सांगितलं तर! त्याच दिवशी सांगितलं तिनं."

इतका भला माणूस मला वाचवायला खोटं बोलतोय, ते मला सोसेना. "नाही सांगितलं, आई," मी म्हणाले. "पुस्तकात वाचलं म्हणाले मी. मला लाज वाटली."

आईने किटली टेबलावर ठेवली. माझ्याकडे न बघता ती सरांना म्हणाली, "तिचं काय चुकलं, सर? आतडी धुताना मी बी दार लावून घेते. पोरीनं तेच बघितलं."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मी दौंडहून का आणत होतो, सांगू? शिरूरच्या मटणाच्या दुकानात आतड्यासाठी उभं राहिलो तर ही पोरं बघतील म्हणून." मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले, आईसुद्धा.

"ताई, यांना एकदा करून दाखवा," सर म्हणाले आणि बाजूला झाले. आईने पदर खोचला. मी पुढे होऊन तिच्या शेजारी उभी राहिले आणि वर्गाकडे तोंड करून म्हणाले, "ही माझी आई."