मिरच्यांना पाणी घालायचं होतं म्हणून

सुमन,

माझं अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. चौथीनंतर पेन्सिल धरली ती दळणाच्या डब्यावर नाव घालण्यापुरती. तरी लिहिते, कारण फोनवर मला बोलायला सुचत नाही. परवा तू म्हणालीस, पुण्यात थंडी पडल्यापासून संध्याकाळी छातीत धडधडतं, सगळं सोडून घरी यावंसं वाटतं. मी नुसतं हूं हूं केलं. सांगायचं होतं ते हे.

लग्न होऊन मी सावंतवाडीहून निघाले तेव्हा तू दुसरीत होतीस. आई एसटीच्या खिडकीशी माझा हात धरून उभी होती. "थंय जावन रडत बसा नको. हाताक काम लाव," एवढंच म्हणाली. गाडी हलली तरी हात सुटेना, चार पावलं बरोबर चालली.

इथे गोव्यात सर्वणला भाड्याची एक खोली, तिला एकच जनेल, म्हणजे खिडकी. तुझे भावजी पहाटे ट्रक घेऊन जात ते काळोख पडल्यावर येत. मार्गशीर्षात दिवस लवकर बुडतो. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं की मलाही तुझ्यासारखंच धडधडायचं. ओळख कोणाशी नाही. पाव घेऊन येणाऱ्या पोदेराशीही मी मान खाली घालून बोलायचे.

एका दुपारी पिशवी भरली, 'आईकडे जाते' अशी चिठ्ठी ठेवली आणि बस धरायला निघाले. वाटेत मळ्यात आमची घरमालकीण शेवंतीमावशी मिरचीची रोपं लावत होती.

"खंय वता गो?"

"आईकडे."

तिने पिशवी बघितली. "वच. पूण बस येयसर इतलीं रोपां लाय. म्हजी कंबर मोडली."

बस येईपर्यंतच लावायची होती, नाही म्हणता येईना. चपला बांधावर काढल्या. माती ओली, थंडगार. बोटाने खड्डा करायचा, रोप ठेवायचं, मुळाशी माती दाबायची. बस आली, हॉर्न मारून गेली. मी वर बघितलं नाही, तीन ओळी राहिल्या होत्या. उठले तेव्हा दिवस बुडाला होता, आणि मला धडधडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाले तर मावशी म्हणाली, "रोपां लावन पळून वचपी बायल हांवें आयज पळयली. उदक कोण घालतलो?" रोपं लावून पळून जाणारी बाई तिने आजच बघितली म्हणे. रोपांनी जीव धरेपर्यंत पाणी चुकवून चालत नाही. म्हणून राहिले. मग खुरपणी आली.

थंडीत ती धडधड अजून येते. चार वाजले की मी अनवाणी मळ्यात उतरते. बाल्दीतलं पाणी करवंटीने एकेका मुळाशी घालते, जिरेपर्यंत थांबते. सकाळी पाल्याच्या शेकोटीजवळ बसून गरम पेज, सावकाश. मुलीने मोबाइलवर दाखवलं, कोणी बाई सांगते की हिवाळ्यात मन शांत ठेवायला मातीत अनवाणी उभं राहा. मावशी म्हणाली, "हांव सकाळसांज उबी आसतां, म्हजो कोण व्हिडिओ काडना."

त्या मिरच्या लाल झाल्यावर मी आठ दिवस माहेरी आले होते. तिसऱ्याच दिवशी चार वाजता अंगणात उगाच फेऱ्या घालत होते. आई भाजी चिरता चिरता म्हणाली, "उद्याच्या गाडयेन जा तू. तुझा ध्यान हय नाय." मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

तुला ये म्हणू की राहा म्हणू, मला कळत नाही. आईचं दार उघडंच आहे. पण कुंडीत का होईना, मूठभर मेथी पेर आणि ती वर येईपर्यंत थांब. मग ठरव.