अंगावर काढलेला ताप

थोरली बहीण किमोसाठी माझ्याकडे नाशिकला राहायला आली, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं. या औषधानं अंगातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही मरतात. केस जातील, तोंड येईल, त्याला घाबरू नका. पण ताप आला तर घरी गोळी द्यायची नाही, तडक इकडे आणायचं. ताप दडपला तर आत काय चाललंय ते आम्हाला कळणार नाही, आणि तेवढ्यात अंग गार पडून माणूस हातचं जातं.

मग काय, घरात मी पोलीसच झाले. ताई वैतागायची. "लय कडक हायस बाई तू. सासूला नाय भ्याले एवढी."

तिचं सासर निफाडकडचं, द्राक्षबागांचं. तिकडे खुड्याच्या, म्हणजे द्राक्षतोडणीच्या दिवसांत बाईनं आजारी पडायचं नसतं. अंग तापलं की गोळी घ्यायची, डोक्याला फडकं बांधायचं आणि बागेत जायचं. ताईनं जन्मभर ताप असेच अंगावर काढले होते आणि वर त्याचा तोरा! मेला कसला तो तोरा.

तिसऱ्या किमोनंतर तिच्या जावा-नणंदा भेटायला निघाल्या. मी फोनवर नको म्हटलं, तर म्हणे, "माणसाला माणसानंच भेटायचं ना?" आणि आल्याच. ताईच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मी दारात दात-ओठ खात उभी. ताई मात्र पलंगावर ताठ बसून हसत होती. निघताना नणंद मला म्हणाली, "तुम्ही उगाच बाऊ करता. खडखडीत हाय की ती!"

त्या गेल्यावर मी थर्मामीटर लावला. ताप नव्हता. हुश्श केलं आणि तिला उठवायला पाठीमागून धरलं, तर ब्लाउज घामानं ओलाचिंब. बाहेर एवढी थंडी, पंखा बंद. गोळीनं ताप उतरला की असाच घाम सुटतो.

"ताई, गोळी घेतलीस?"

ती पदर सारखा करायला लागली.

"अगं बोल की!"

"माणसं यायची व्हती. त्यांच्यापुढं काय आडवी पडून राहू?"

तिच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. तिला कुशीत घ्यावं असंही वाटलं. यातलं काहीच न करता रिक्षा बोलावली. वाटेत द्वारका चौकाच्या सिग्नलला अडकलो आणि तिथंच तिला हुडहुडी भरली. दातावर दात वाजायला लागले. मी तिला माझी शाल गुंडाळली, तरी थांबेना.

डॉक्टरांनी विचारलं, "ताप कधीपासून?"

"आजच," मी म्हणाले.

"परवापासून," ताई म्हणाली. "ही थर्मामीटर आणायच्या आधीच मी गोळी घ्यायची."

एरवी बारीकसारीक गोष्टींवरून मला झापणाऱ्या डॉक्टरांनी या वेळी आधी तिची नाडी धरली. त्यांनी नर्सला आयसीयूत बेड बघायला सांगितलं. तोवर ताईची हुडहुडी थांबली होती. ती शांत पडून होती.

"डॉक्टर, उतरला बगा ताप," ती म्हणाली. "अंग गार लागतंय ना आता?"

मी तिचे पाय धरून बसले होते. ते खरंच थंडगार पडले होते. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.