वेगाच्या परीक्षेत रोहिणीचेची

आमच्या गावात कुणी निरक्षर नाही, हे आम्ही इतक्या वेळा सांगतो की ऐकणाऱ्याला संशय यावा. केरळात कण्णूरच्या या बाजूला जितकी देवळं तितक्या वाचनशाळा आहेत आणि दोन्हींच्या समित्यांमधली भांडणंही सारखीच आहेत. आमच्या वाचनशाळेचं वेगळेपण एवढंच होतं की तिची चांगली पुस्तकं कपाटात कमी आणि रोहिणीचेचीच्या, म्हणजे आमच्या रोहिणीताईच्या, पिशव्यांत जास्त असत.

दर बुधवारी दोन कापडी पिशव्या घेऊन ती घरोघर जाई. बायकांना घरकाम टाकून वाचनशाळेत येता येत नाही, तर पुस्तकांनी त्यांच्याकडे जावं, अशी ही जुनी सोय. तिला मिळणाऱ्या मानधनाला पगार म्हटलं असतं तर पगाराला राग आला असता. पण नवरा शारजाहून पाठ मोडून घेऊन परत आला होता, आणि घरात येणारा नियमित पैसा तेवढाच होता.

"काय आणलंस गं?" जानकीअम्मा पायरीवरूनच विचारत.

"तुमच्यासाठी खून आणलाय. दोन."

"मागच्या पुस्तकात एकच होता."

"म्हणूनच बदलून आणलं."

बाळंतिणीला ती एका हातात मावेल असं पातळ पुस्तक देई. सासूशी वाजलेलं असेल तिथे प्रवासवर्णन. कुणी पुस्तक न वाचताच परत केलं तर ते तिला कळे, पण बोलून दाखवत नसे. पुढच्या बुधवारी दुसरं देई.

ती स्वतः वाचायला कशी लागली, याची हकीकत विडीच्या कारखान्यातली आहे. तिचे वडील तिथे विड्या वळत. वळणाऱ्यांचे हात आणि डोळे कामात गुंतलेले, कान तेवढे रिकामे. म्हणून त्यांच्यातलाच एकजण उंच स्टुलावर बसून मोठ्याने वाची आणि त्याच्या वाटणीच्या विड्या बाकीचे वळून देत. सकाळी वर्तमानपत्र, जेवणाच्या सुमाराला कादंबरी. रोहिणी वडिलांचा डबा घेऊन येई तेव्हा कादंबरी ऐन रंगात असे. नायिका नदीकाठी उभी, आणि घरी आई रिकाम्या डब्याची वाट बघत उभी. पुढे काय झालं ते कळेना म्हणून आपण वाचायला लागलो, असं ती सांगे. यात शाळेला तिने काही श्रेय दिलं नाही. शाळेनेही तिला दिलं नव्हतं. दहावीला ती दोनदा बसली आणि दोनदा उठली.

स्टुलावर बसून वाचणारे ते कण्णेट्टन. आता ते फार थकले होते, आणि तिच्या फेरीतलं शेवटचं घर त्यांचं होतं.

दुबईत पैसा केलेल्या आमच्याच एका गाववाल्याने वाचनशाळेला ई-बुक वाचायची यंत्रं देऊ केली, प्रत्येक घराला एक. कोळिकोडच्या कॉलेजातली अनघा नावाची मुलगी नेमकी त्याच विषयावर संशोधन करत होती, की कागदावर वाचताना वेग किती, आराम किती, आणि यंत्रावर किती. समितीचे सचिव पवित्रन माश यांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. माश म्हणजे मास्तर, आणि निवृत्त मास्तरला परीक्षेचा वास लांबून येतो. त्यांनी सभेत जाहीर केलं की परीक्षेत यंत्र सरस ठरलं तर यंत्रं घ्यायची आणि बुधवारची फेरी बंद करायची.

"आणि पुस्तक सरस ठरलं तर?" रोहिणीचेचीने विचारलं.

"तर फेरी चालू. शास्त्रीय पद्धत आहे, चेची. यात तुझंमाझं काही नसतं."

माशांचं यात खरोखरच काही नव्हतं.

ती निर्धास्त होती. तिच्या फेरीतल्या बायकांनी पुस्तकाच्या बाजूने कौल द्यावा, असं तिने कुणाला सांगितलंसुद्धा नाही. "वाचणारी माणसं आहेत," ती मला म्हणाली. "वाचतील तसं सांगतील."

पण परीक्षेच्या आधी बातमी आली की शेजारच्या गावात अनघाची परीक्षा होऊन गेली आणि तिथली माणसं यंत्रावर अडखळली. त्या गावाची वाचनशाळा दुसऱ्या पक्षाची. एवढं पुरेसं होतं. कागदाचा आणि यंत्राचा प्रश्न तिथेच संपला, आणि आमचा आणि त्यांचा सुरू झाला. माशांनी एक यंत्र मागवून अंगणात तालीम घेतली.

"पान असं सरकवायचं. बोट ओलं करायचं नाही, गोविंदन. ते काय नोटा मोजायचं काम आहे?"

परीक्षेच्या दिवशी अनघाने प्रत्येकाला नारळाच्या किडीवरचा एक उतारा कागदावर दिला आणि त्याच विषयावरचा दुसरा यंत्रावर. कागदावरचा उतारा आमच्या लोकांनी नेहमी वाचतात तसा वाचला. मध्येच थांबून काळा चहा घेतला. पान मागे उलटलं. भुंगा खोडात शिरतो की शेंड्यात, यावरून गोविंदनने शेजाऱ्याशी वाद घातला आणि तो मिटेपर्यंत पुढची ओळ वाचली नाही. मग यंत्र हातात आलं तशी सगळ्यांची पाठ ताठ झाली आणि शर्यत सुटली.

शेवटी अनघाने एकेकाला विचारलं, "वाचायला बरं कशावर वाटलं?"

जानकीअम्मांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "यंत्रावर," त्या म्हणाल्या.

"डोळ्यांना त्रास झाला का?"

"छे. मजकूर जरा दुःखाचा होता."

नारळाच्या भुंग्यासाठी रडणारी बाई अनघाने बहुधा पहिल्यांदाच पाहिली असेल. पण उत्तर जसं मिळालं तसं लिहून घेणं तिला भाग होतं. पुढच्या सगळ्यांनी तेच सांगितलं. कागद बरा वाटला म्हणणं म्हणजे आपण मागासलेले आहोत असं कबूल करणं, आणि ते शेजारच्या गावाच्या कानावर गेलं असतं.

रोहिणीचेची भिंतीला टेकून ऐकत होती. तिची ती सगळी घरं एकेक करून तिच्यासमोर यंत्राला मत देत होती, आणि जाताना तिच्याकडे बघून हसत होती. आपण काय केलं हे त्यांतल्या कुणालाही कळलं नव्हतं. गाव जिंकत होतं.

कण्णेट्टन शेवटी आले. कागद त्यांनी बराच वेळ नुसता समोर धरला आणि मग खाली ठेवला. त्यांना अक्षरं दिसत नाहीत हे आम्हाला तेव्हा कळलं. चेचीला आधीपासून ठाऊक होतं. तिने नेलेली पुस्तकं त्यांच्याकडून जशीच्या तशी परत येत. ती फक्त गोष्ट काय आहे ते बोलता बोलता सांगून टाकी, म्हणजे पुढच्या बुधवारी त्यांना पुस्तकावर मत देता येई.

अनघाने यंत्र पुढे केलं, पण ते चाचपडू लागले. चेची पुढे झाली. अक्षरं मोठी करायची युक्ती तिने तालमीत बघून ठेवली होती. तिने ती वाढवली, आणखी वाढवली.

कण्णेट्टन वाचायला लागले, मोठ्याने. नारळाच्या किडीचा उतारा, पण आवाज स्टुलावरचा. शेवटी टाळ्या पडल्या, आणि त्यात पहिली टाळी माशांची होती.

"बरं कशावर वाटलं?" अनघाने विचारलं.

"हे काय विचारणं झालं?" कण्णेट्टन यंत्र छातीशी धरून म्हणाले. त्या दिवसातलं खरं उत्तर तेवढं एकच.

जाण्यापूर्वी अनघा माशांना म्हणाली, "सर, लोक यंत्रावर घाई करत होते. यावरून काही ठरवू नका. मला फक्त फरक मोजायचा होता. काही बंद करायचं नव्हतं."

"तू मोज, मुली," माश म्हणाले. "ठरवायला समिती आहे."

समितीने ठरवलं. रोहिणीचेचीला शाल दिली, तिच्या कार्यावर तिघेजण बोलले. एकाने तिला चालतंबोलतं ग्रंथालय म्हटलं. मग यंत्रांची खोकी उघडली तेव्हा प्रश्न निघाला की ही घरोघर पोचवणार कोण? सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे.

"तुला घरं माहीत आहेत, चेची," माश म्हणाले. "एकदाच काय ते."

ती नाही म्हणाली नाही. पुढच्या बुधवारी त्याच पिशव्यांत यंत्रं भरून ती निघाली. मी तिच्याबरोबर होतो, एक पिशवी माझ्याकडे होती. जानकीअम्मा पायरीवर होत्या.

"आता तुझी पायपीट वाचली गं."

"हो ना."

"यात खून आहेत ना?"

"पाहिजे तेवढे."

"पण कुठला चांगला, ते कसं कळायचं?"

चेचीने यंत्र त्यांच्या हातात दिलं, सुरू कसं करायचं ते दाखवलं, आणि पुढच्या घराकडे वळली.

कण्णेट्टन ओसरीवर वाट बघत बसले होते. तिने अक्षरं मोठी करून दिली, एक कादंबरी उघडून दिली. त्यांनी लगेच सुरुवात केली, मोठ्याने नाही, मनात. ओठ हलत होते. पहिलं पान संपलं, त्यांनी बोटाने सरकवलं. चेची समोर उभी होती. ते काहीतरी विचारतील, निदान बस म्हणतील, असं मला वाटलं. तिलाही वाटलं असावं, कारण तिने पिशव्यांची घडी फार सावकाश घातली.

त्यांनी मान वर केली नाही. आता पुढे काय होतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.