सर्व संबंधितांना

आमच्या नाशिकच्या ऑफिसची स्टोअररूम म्हणजे जुन्या पोस्टरांचं गोदाम. हात धुवा, पाणी उकळा, डास टाळायला कोरडा दिवस पाळा, सगळे सल्ले सुतळीने बांधून छतापर्यंत रचलेले. त्या गठ्ठ्यांमध्ये खुर्ची टाकून, दाराला आतून कडी लावून मी मोबाईलवर पहिला निरोप रेकॉर्ड केला, तेव्हा चार वेळा पुसून परत बोलावं लागलं. आरोग्य खात्यात प्रसिद्धीच्या टेबलावर इतकी वर्षं काढली, रिक्षावर भोंगा लावून माझाच आवाज मालेगावच्या गल्ल्यांतून फिरवला, तेव्हा कधी असं झालं नाही. पण ते सगळं लोकांसाठी होतं. हा निरोप आपल्याच माणसांसाठी होता, आणि आपल्या माणसांना काही सांगायची आम्हाला अजिबात सवय नव्हती.

झालं असं की एका बैठकीत मोठे साहेब म्हणाले, "अख्ख्या जिल्ह्याला आपण पाणी उकळायला शिकवलं. पण खात्यात काय चाललंय, हे आपल्या सिस्टरांना कोण सांगतं?"  मी म्हणाले, "मी सांगते." विचारबिचार काही केला नव्हता. माझे यजमान अंबडच्या एका कारखान्यात आहेत, ते नेहमी म्हणतात की माझं तोंड पुढे धावतं आणि मी मागून धापा टाकत येते. त्या दिवशी मात्र मला धाप लागली नाही. गंगापूर रोडवरून घरी जाताना सिग्नल सुटला तरी मी स्कूटरवर काय काय सांगायचं ते जुळवत उभी, आणि मागे हॉर्नचा नुसता गोंगाट.

तोपर्यंत आमच्याकडे माहिती कशी जायची, तर परिपत्रकाने. मुंबईहून पत्र यायचं, आमचे आस्थापनेचे भाऊसाहेब त्याला आपलं एक पत्र जोडायचे आणि मोबाईलच्या ग्रुपवर सोडून द्यायचे. 'उपरोक्त विषयान्वये सर्व संबंधितांना अवगत करण्यात येते की' अशी सुरुवात. खाली लगेच अंगठे आणि नमस्कारांची रांग लागायची. पत्र उघडायच्या आधी नमस्कार! एकदा चुकून त्यांच्या हातून कोरं पान गेलं, तर त्यालाही तेवढेच नमस्कार आले.

"बघा," मी भाऊसाहेबांना म्हटलं, "कुणी वाचत नाही."

"वाचत नसतील," ते चष्मा पुसत म्हणाले, "पण कळवलं नाही, असं तर कुणी म्हणू शकत नाही ना?"

भाऊसाहेब म्हणजे नियमांचं कपाट. कुठलाही नियम विचारा, हात घालून काढून देतील, पण त्याचं मराठी करून मागितलं की त्यांना अपमान वाटायचा. 'अनुज्ञेय' म्हणजे 'मिळतं' एवढंच ना, असं मी विचारलं की ते म्हणायचे, "मॅडम, मिळतं आणि अनुज्ञेय असतं यात फरक आहे." तो फरक मात्र त्यांनी मला कधी सांगितला नाही.

तर मी त्याच ग्रुपवर निरोप सुरू केले. रोज सकाळी, कामाला निघायच्या आधी ऐकून होईल एवढाच. आज कुठली लस आली, कुठलं प्रशिक्षण पुढे ढकललं, प्रवासभत्त्याचं बिल कुणाकडे द्यायचं. भाषा आपली, चहा पिताना बोलतो ती. आणि काय सांगू, लोक ऐकायला लागले! सिन्नरच्या एका आरोग्यसेवकाने कळवलं की तो गाडी पुसताना ऐकतो. चांदवडच्या एक सिस्टर म्हणाल्या, सासूबाईसुद्धा ऐकतात आणि 'त्या बाईचं काय म्हणणं आहे आज' असं विचारतात. मी हवेत होते. सकाळी दूध उतू गेलं तरी मला आनंदच होता.

एकच गोष्ट डोक्यात जायची. निरोपाच्या शेवटी मी विचारायचे, "काही समजलं नसेल, काही विचारायचं असेल तर मला सांगा." आणि उत्तर यायचं, 'निरंक'. आमच्या खात्यात सांगण्यासारखं काही नसलं की निरंक लिहायची पद्धत आहे. साथीचे रुग्ण निरंक, तक्रारी निरंक. हे ठीक आहे. पण मी प्रेमाने विचारतेय की बाई गं, तुला काही विचारायचंय का, तर तिथेही निरंक! पेठ निरंक, कळवण निरंक, येवला निरंक. एकदा मी चिडून म्हणाले, "तुम्हाला माणसं म्हणून विचारतेय, अहवाल मागत नाहीये." त्यावरही दोन निरंक आले. मी स्टोअररूममध्ये एकटीच हसत सुटले.

मग एक दिवस रजांवर बोलले. सोपा विषय, कुणाला कुठली रजा मिळते, अर्ज कुठे द्यायचा. त्यात बाळंतपणाच्या रजेचं एक वाक्य होतं. दुपारी डबा उघडला आणि फोन वाजला. सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या एका उपकेंद्रावरून थेट मला, आवाजातच निरोप आला होता. बोलणं सटाण्याकडचं वाटलं.

"मॅडम, निरोप भारी होता. एक इचारायचं होतं. माझं नाय हो, आमच्याकडं एक सिस्टर हे, तिचं. कंत्राटी हे ती, आठवा महिना चालूये. तिला सांगितलंय का, पगारी रजा परमनंट बायांना असती, कंत्राटीला नसती. म्हणून ती राजीनामा देऊ राहिली. उद्या केंद्रावर मीटिंग हे, तिथंच देऊन टाकणार. तर खरं हे का ते? कारण एकदा सोडलं का मला परत कोण घेणार?"

शेवटच्या वाक्यात 'तिला'चं 'मला' झालं होतं. मी तो निरोप परत ऐकला. मागे कुणाची तरी शेळी ओरडत होती, आणि ती बाई जिना चढून आल्यासारखी श्वास घेत होती. डबा तसाच टाकून मी भाऊसाहेबांच्या टेबलाकडे पळाले.

"कंत्राटी सिस्टरला बाळंतपणाची रजा आहे का?"

"अनुज्ञेय आहे."

"भरपगारी?"

"भरपगारी. जुना नियम आहे मॅडम, पत्र काढलंय की आपण."

"कुणाला?"

"सर्व संबंधितांना."

माझा पाराच चढला. आठव्या महिन्यात ती बाई गाडीवरून पाड्यापाड्याला जातेय, गरोदर बायकांना सांगतेय की आराम करा, जड उचलू नका, आणि तिची स्वतःची रजा या माणसाच्या पत्रात झोपली आहे! मी म्हणाले, "भाऊसाहेब, इतकी वर्षं तुम्ही या सर्व संबंधितांना पत्रं लिहिताय. त्यातला एक तरी पाहिलाय का कधी? मला एक दाखवा."

 ते कपाटाचं दार जरा जोरातच लावून म्हणाले, "चला. दाखवतो."

मी तिला लगेच उत्तर पाठवलं होतं, पण ते पोचल्याची खूण काही येईना. फोन लावला तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. केंद्रावर फोन करून सांगावं, तर राजीनाम्याचं तिने तिथे कुणाला सांगितलेलं दिसत नव्हतं, उगाच तिचं बिंग फुटलं असतं. आता उरलं काय, तर सकाळी लस घेऊन निघणारी जीप. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "जाऊन या." मी पुढे, भाऊसाहेब मागे, लसीच्या खोक्यांना खेटून, मांडीवर डबा आणि रजेचा नियम.

काय ती जीप! दिंडोरी गेलं, द्राक्षाचे मळे संपले, चढ सुरू झाला, आणि मी ड्रायव्हरमामांना दर वळणाला विचारायला लागले की मीटिंग सुरू झाली असेल का.

"मॅडम, घाटात बोलायचं नाय," ते म्हणाले. "मागं साहेबांचं तोंड बघा, लय पांढरं पडलंय."

खरंच पडलं होतं. भाऊसाहेब ऑफिसच्या बाहेर इतक्या लांब कधी आलेच नव्हते. एका वळणावर उतरून त्यांनी उलटी केली, तोंड धुतलं आणि स्वतःच म्हणाले, "चला लवकर, उशीर होईल." त्या क्षणी मला ते फार आवडले.

आम्ही पोचलो तेव्हा मीटिंग चालू होती. पत्र्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या, सिस्टर, सेवक, आशाताई, आणि समोर तरुण डॉक्टर आकडे विचारत होते. आठव्या महिन्याची सिस्टर त्या सगळ्यांत एकच होती. 'एक सिस्टर हे' म्हणे! दुसऱ्या रांगेत बसली होती, हातात घडी घातलेला कागद, आणि तो तिने अजून दिला नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांची परवानगी घेऊन मी उभी राहिले आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "निरोप पाठवणारी बाई ती मीच. काल रजेचं बोलताना मी अर्धंच सांगितलं. बाकीचं सांगायला नाशिकहून भाऊसाहेब आलेत."

भाऊसाहेबांनी कागद काढला. "उपरोक्त विषयान्वये" असं म्हणाले आणि थांबले. समोर बघितलं, रांगेतल्या त्या पोटाकडे बघितलं, आणि कागद खाली केला.

"कंत्राटी बाईलाही बाळंतपणाची रजा मिळते," ते म्हणाले. "भरपगारी. नोकरी सोडायची नाही. कुणी सोड म्हटलं तर माझं नाव सांगा."

मिळते म्हणाले! मला तर टाळ्या पिटाव्याशा वाटल्या, आणि मी पिटल्याही. मग सगळ्यांनीच पिटल्या. ती पोर कागद मुठीत चुरगाळून हसत होती आणि डोळे पुसत होती, शेजारच्या आशाताई तिच्या पाठीवर थापा मारत होत्या. डॉक्टर सारखे म्हणत होते, "मला कसं माहीत नाही हे?" कुणीतरी चहा सांगितला. एवढी मजा मला कुठल्या पोस्टरच्या उद्घाटनाला आली नव्हती.

त्या गलक्यात दाराजवळच्या सिस्टर उठून पुढे आल्या. वयाने मोठ्या, कानाजवळ केस पिकलेले.

"साहेब, मी बी कंत्राटीच हाय," त्या म्हणाल्या. "हा नियम नवा निघाला का?"

भाऊसाहेब रंगात आले होते. "नवा कसला, ताई? चांगला जुना आहे."

"माझी धाकटी आता पहिलीत हाय. तिच्या टायमाला होता का मग?"

 भाऊसाहेबांनी कागदाकडे बघितलं, पण त्यांना बघायची गरज नव्हती, तारीख त्यांना पाठ असणार. मी मनातल्या मनात म्हणत होते, नाही म्हणा, एवढ्या वेळेला खोटं बोला.

"होता," ते म्हणाले.

 त्या सिस्टरांनी साधंच सांगितलं की तेव्हा नोकरी सोडली होती, बाळ रांगायला लागल्यावर परत अर्ज केला आणि अगदी नव्याने लागल्या, आधीची वर्षं गेली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. माझं धावणारं तोंड होतं तिथेच थांबलं होतं.

त्यांनी एक खुर्ची ओढली, दुसऱ्या रांगेतल्या त्या पोरीशेजारी ठेवली आणि बसल्या. तिच्या मुठीतला कागद काढून घेतला.

"आता हिला नीट सांगा, साहेब," त्या म्हणाल्या. "अर्ज कधी द्यायचा, कुणाकडं द्यायचा, समदं. हळू सांगा. मी बी ऐकते."

भाऊसाहेबांनी त्यांच्यासमोर खुर्ची घेतली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.